लहान गाडीला रुंद चाकं: टायर घासू नये म्हणून आधी काय मोजावं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गाडी लहान हॅचबॅक आहे. कंपनीची चाकं 14 इंची, 5 इंच रुंद, ऑफसेट 45 (हा आकडा काय ते पुढे सांगतो), त्यावर 175/65 आर14 टायर (रुंदी 175 मिमी, भिंतीची उंची त्या रुंदीच्या 65 टक्के, 14 इंची रिमसाठी). तुम्हाला 15 इंची, 7 इंच रुंद, ऑफसेट 35 ची अलॉय आणि 195/50 आर15 टायर घालायचे आहेत. विक्रेता म्हणतो की चार बोल्टांचं माप जुळतंय, त्यामुळे चाक बसेल, आणि कुठे घासलंच तर स्पेसर, म्हणजे चाकामागे बसणारी चकती, टाकू. टायर घासेल का आणि स्पेसरने ते थांबेल का, हे तुम्हाला हवंय.

आधी उत्तर देतो, कारणं मागून. हा संच आहे तसा बसवला तर बाहेरच्या बाजूने घासण्याची शक्यता बरीच आहे. मागच्या सीटवर माणसं बसली की मागे घासेल, आणि स्टेअरिंग पूर्ण वळवून खड्ड्यात किंवा चढावर गेलात की पुढे घासेल. स्पेसर टाकला तर हे घासणं वाढेल. तुमच्या गाडीत नेमकं किती घासेल हे मात्र गाडी मोजल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत फरक पडतो. स्प्रिंग किती बसल्यात, पत्र्याचं काम झालंय का, यावर बरंच अवलंबून असतं. इतकंच काय, एकाच गाडीच्या डाव्या आणि उजव्या मडगार्डात काही मिलिमीटरचा फरक मी नेहमी पाहतो.

बोल्टांचं माप जुळणं म्हणजे चाक हबला (ज्या फिरत्या भागावर चाक बसतं त्याला) बांधता येणं, एवढाच त्याचा अर्थ. घासण्याचा प्रश्न वेगळा आहे. नव्या चाकाची आतली कड आणि बाहेरची कड जुन्या चाकाच्या तुलनेत किती सरकली, आणि सरकायला तिथे जागा होती का, हे पाहायचं असतं. रुंदीच्या एकट्या आकड्यावरून ते कळत नाही, त्यासोबत ऑफसेट लागतो.

चाकाच्या रुंदीचा बरोबर मध्य डोळ्यांसमोर आणा. हबला चिकटणारा चाकाचा भाग त्या मध्यापासून रस्त्याच्या बाजूला किती मिलिमीटर आहे, तो आकडा म्हणजे ऑफसेट. रिमवर तो ‘ईटी’ अक्षरांपुढे कोरलेला असतो. आकडा मोठा असेल तर चाक गाडीच्या पोटात शिरतं, लहान असेल तर बाहेर येतं. ईटी 45 वरून 35 वर आलात की काहीही रुंद न करता आख्खं चाक 10 मिमी बाहेर सरकतं.

आता तुमचा हिशेब. रुंदी 5 वरून 7 इंच, म्हणजे 50.8 मिमी वाढली. ही वाढ दोन्ही बाजूंना निम्मी वाटली जाते, म्हणजे साधारण 25 मिमी आत आणि 25 मिमी बाहेर. ऑफसेट 10 ने कमी झाला, तर बाहेरच्या बाजूला 10 मिळवा आणि आतल्या बाजूतून 10 वजा करा. रिमची बाहेरची कड सुमारे 35 मिमी बाहेर गेली आणि आतली कड 15 मिमी आत गेली. लहान गाडीच्या मडगार्डाखाली 35 मिमी रिकामे पडलेले मला क्वचितच दिसतात.

पण मडगार्डला बहुतेक वेळा लागतो तो टायरचा फुगवटा, रिमची कड नाही. म्हणून तोही मोजायला हवा. टायरवर छापलेली रुंदी ही नाममात्र असते, आणि टायर किती फुगेल हे रिमवर ठरतं. रिम अर्ध्या इंचाने रुंद झाली की टायर सुमारे 5 मिमी रुंद होतो. 195/50 आर15 टायर 6 इंची रिमवर 200 मिमीच्या आसपास भरतो, 7 इंचीवर 210 च्या आसपास. तुमचा सध्याचा 175 चा टायर 5 इंची रिमवर 177 भरतो. फरक 33 मिमी, एका बाजूला 16 ते 17. त्यात ऑफसेटचे 10 मिळवले की टायरचा फुगवटा 26 ते 27 मिमी बाहेर आणि 6 ते 7 मिमी आत जातो. पत्र्याशी जुळवून पाहायचा आकडा हा. आतल्या बाजूला मात्र रिमची कडही तपासावी लागते, कारण आत ती शॉकअपच्या नळीच्या जवळून फिरते.

हे आकडे ब्रँडप्रमाणेही बदलतात. संयुक्त राष्ट्रांच्या टायरविषयक नियम क्रमांक 30 मध्ये रेडियल टायर ठरलेल्या रुंदीपेक्षा 4 टक्क्यांपर्यंत जास्त भरला तरी चालतो, आणि रिम वाचवणारी रबराची कड असेल तर वर आणखी 8 मिमीची मुभा आहे. म्हणून मित्राच्या गाडीला त्याच मापाचे टायर घासत नाहीत, एवढ्यावर भरवसा ठेवू नका. त्याचा टायर कोणता हे विचारा.

आता ज्या गोष्टीकडे बहुतेक लोक लक्ष देत नाहीत तिच्याकडे येतो. चाकाभोवतीच्या सगळ्या फटी सारख्या नसतात. काही फटी स्थिर असतात, काही हलत्या.

पुढच्या चाकाला शॉकअपची नळी ज्या नकलला (स्टेअरिंगसोबत वळणारा, हब धरून ठेवणारा लोखंडी भाग) बोल्टने जोडलेली असते, त्याच नकलवर हब असतो आणि हबवर चाक. गाडी खड्ड्यात गेली, स्टेअरिंग वळलं, तरी चाक आणि नळी बरोबरच हलतात. त्यामुळे टायर आणि नळी यांच्यातली फट जवळपास बदलत नाही. वळणावर टायरची भिंत दबते तेवढाच काय तो फरक. म्हणून तिथे 5 मिमी मोकळे राहिले तरी मी ते पुरेसे मानतो. टायरच्या डोक्यावर स्प्रिंगची बशी येत असेल तर तिलाही हेच लागू, कारण ती त्याच नळीवर असते. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांचे हात जोडणारी आडवी तुळई) असेल तर बीमचा हात आणि चाक यांच्यातली फटही अशीच स्थिर.

मडगार्डची कड, मडगार्डच्या आत बसवलेलं प्लॅस्टिकचं लायनर, बंपरचं टोक, आतला पत्रा हे सगळं बॉडीचं. चाक त्यांच्या तुलनेत वर-खाली होतं, वळतं, आणि ब्रेक मारला की रबरी बुशमधून थोडं मागेही सरकतं. इथे उभ्या गाडीत 15 मिमी दिसले आणि गाडी भरल्यावर शून्य राहिले, असं सहज होतं.

यातून निवडीचा नियम निघतो. वाढलेली रुंदी शक्य तेवढी आत टाका, स्थिर फट 5 मिमी उरेपर्यंत, आणि बाहेर कमीत कमी जाऊ द्या. म्हणजेच रुंद चाकाला ऑफसेट फारसा कमी करू नका. बाजारात दिसायला आकर्षक म्हणून कमी ऑफसेटची चाकं जास्त मिळतात, कारण ती मडगार्डच्या बरोबरीला येतात. गाडी रोज वापरणाऱ्याला तो देखावा महागात पडतो.

आत टाकण्यालाही मर्यादा आहेतच. ऑफसेट वाढवला की चाकाच्या आऱ्या ब्रेकच्या कॅलिपरजवळ (डिस्कला दाबून धरणाऱ्या भागाजवळ) येतात, म्हणून चाक हबवर लावून हाताने फिरवून बघावं लागतं. शिवाय स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायरची आतली कड आत झुकते आणि अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारी आडवी सळी) किंवा ब्रेकच्या होजपाइपजवळ जाऊ शकते. डावीकडे वळताना डाव्या चाकाची मागची आतली कड आत जाते आणि पुढची बाहेरची कड बंपरकडे जाते. उजव्या चाकाची मागची बाहेरची कड त्याच वेळी मडफ्लॅपकडे येते. दार जितकं रुंद तितका त्याच्या मोकळ्या कडेचा फेरा मोठा, तसंच हे: चाक जितकं बाहेर, तितक्या मोठ्या वर्तुळात त्याची बाहेरची कड फिरते. लहान गाड्यांत पुढे घासतं ते बहुतेक इथेच, बंपर आणि मडगार्ड जिथे जुळतात त्या कोपऱ्यात.

तर मोजायचं कसं. गाडी सपाट जमिनीवर उभी करा, टायरमध्ये नेहमीची हवा, स्टेअरिंग सरळ. मडगार्डच्या आतल्या कडेवरून ओळंबा सोडा, म्हणजे दोऱ्याला बांधलेला नटही चालेल, आणि दोऱ्यापासून टायरच्या सर्वांत फुगलेल्या जागेपर्यंतचं अंतर घ्या. चारही चाकांचं घ्या. मग आतली बाजू: मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचा गोळा टायर आणि शॉकअपच्या नळीमध्ये दाबा, काढा आणि त्याची जाडी मोजा. रिमची कड आणि नळी यांच्यातही तसंच करा. पुढच्या चाकांना हे सरळ स्थितीत आणि दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून करा.

उभ्या गाडीचे हे आकडे झाले. हलत्या फटींसाठी गाडी तिरपी दाबावी लागते. पुढचं एक चाक आणि तिरक्या कोपऱ्यातलं मागचं चाक भक्कम लाकडी ठोकळ्यांवर चढवा. त्या दोन कोपऱ्यांचं सस्पेन्शन दबतं. मागे दोन-तीन माणसं बसवा म्हणजे आणखी दबेल. आता पुढचं स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवा आणि प्रत्येक कोपऱ्यात हात न घालता टॉर्च मारून पाहा. ठोकळ्यांवरून गाडी घसरू शकते, म्हणून हँडब्रेक ओढलेला, जमिनीवरच्या चाकांना पाचर, आणि गाडीखाली कुणीही जायचं नाही. नंतर दुसरा कर्ण करा. जुन्या चाकांवरच हे करून बाहेर उरलेली सर्वांत लहान फट लिहून ठेवा. ती फट वजा टायरचा नवा बाहेरचा सरक, हे तुमचं खरं उत्तर. उत्तर 5 मिमीच्या खाली आलं तर मी तो संच लावत नाही.

मापं हाती नसताना तुमच्या गाडीला मी काय सुचवेन? 15 इंची, 6 इंच रुंद, ऑफसेट 40 च्या आसपास, आणि 185/55 आर15 टायर. हा टायर 6 इंची रिमवर 194 मिमी भरतो. त्यामुळे फुगवटा बाहेर 13 ते 14 मिमी आणि आत 3 ते 4 मिमी सरकतो. रिमची आतली कड 8 मिमी आत जाते. टायरचा एकूण व्यास 584 मिमी, म्हणजे तुमच्या सध्याच्या 583 ला जवळपास चिकटून, त्यामुळे स्पीडोमीटरही बिघडत नाही. 195 च हवा असेल तर 6.5 इंच रुंद, ऑफसेट 40 ते 43 बघा. ईटी 40 ला बाहेरचा सरक 19 ते 20 मिमी होतो, 43 ला त्याहून 3 कमी. तुमच्या 7 इंच, ईटी 35 च्या 27 शी ताडून पाहा, मग मी 7 इंचाचा हट्ट सोडायला का सांगतोय ते दिसेल. लहान गाडीला 7 इंच रिम लागत नाही. 195/50 ला 5.5 ते 7 इंच रिम चालते, म्हणजे 7 ही त्याची शेवटची हद्द आहे. अरुंद टायर त्याहून रुंद रिमवर ताणून बसवला तर घासणं कमी होईल, पण कमी हवेत किंवा धक्क्याने टायरची बीड, म्हणजे रिममध्ये अडकणारी कड, रिमवरून सुटू शकते. ते मी कुणालाच करून देत नाही.

व्यासाबद्दल एक सावधगिरी. 195/50 आर15 चा व्यास 576 मिमी, तो वरच्या बाजूने अडचण करत नाही. दुकानात तो नसला तर 195/55 पुढे केला जातो. त्याचा व्यास 595 ते 596, म्हणजे टायर वरच्या बाजूला 6 मिमी उंच झाला, आणि रुंदीचं सगळं गणित जुळूनही लायनरला घासू लागला. लोड इंडेक्सही कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको. 82 म्हणजे एका टायरवर 475 किलो. सध्याच्या टायरवर काय छापलंय ते वाचा आणि तेवढा किंवा त्याहून मोठा आकडा घ्या.

स्पेसरकडे येतो. स्पेसर म्हणजे हब आणि चाक यांच्यामधली चकती. 5 मिमीचा स्पेसर म्हणजे ऑफसेट 5 ने कमी. आत शॉकअपला घासत असेल तर त्याचा उपयोग होतो, बाहेर घासत असेल तर तो घासणं वाढवतो. तुमचं दुखणं बाहेरचं आहे. शिवाय नुसती चकती टाकली की नट तेवढा कमी आटे पकडतो. जितक्या मिलिमीटर जाडीचा स्टड (हबमधून बाहेर आलेला आट्यांचा खिळा), निदान तितक्या मिलिमीटरचे आटे अडकायला हवेत, असा मी हिशेब धरतो. एम12, 1.5 च्या आट्याला (12 मिमी जाडीचा स्टड, एका फेऱ्याला 1.5 मिमी) म्हणजे पूर्ण 8 फेरे. नट हाताने फिरवत मोजा. कमी भरले तर लांब स्टड लावा किंवा स्पेसर काढा, मधला मार्ग नाही.

बोल्टांच्या मापाबद्दलही खात्री करा. 4×100 आणि 4×98 (चार बोल्ट, 100 किंवा 98 मिमी व्यासाच्या वर्तुळावर) डोळ्यांना सारखेच दिसतात. 98 च्या हबवर 100 चं चाक ओढून घट्ट करता येतं, पण नट तिरका बसतो आणि पुढे सैल होतो. मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर बरोबर मापाची स्पिगॉट रिंग (ती फट भरणारं कडं) घाला, नाहीतर चाक मध्यावर बसत नाही आणि वेगात स्टेअरिंग थरथरतं. नटाची बैठक शंकूची आहे की गोल, हे चाकाशी जुळवा. कंपनीचे नट अलॉयला चालतीलच असं नाही.

मडगार्डची कड आत दुमडून घेण्याचा पर्याय तुम्हाला कुणीतरी नक्की सुचवेल. पुढच्या मडगार्डला रंग हीट गनने नीट तापवून हळूहळू दुमडलं तर काम चांगलं होतं. मागे मात्र बाहेरचा आणि आतला पत्रा त्याच कडेवर जोडलेला असतो. ती कड कापली की सांधा उघडा पडतो, पाणी शिरतं आणि गंज आतून सुरू होतो. दोन-चार मिलिमीटर कमी पडत असतील आणि गाडी वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर पुढे दुमडा, मागे हात लावू नका. कॅम्बरने चाकाचा वरचा भाग आत झुकवता येतो. एका अंशाला वरच्या बाजूला सुमारे 5 मिमी मिळतात, पण टायर आतल्या कडेला लवकर झिजतो आणि टॉर्शन बीम असलेल्या गाड्यांत मागे तशी सोय बहुधा नसते. या दोन्ही गोष्टी शेवटचे काही मिलिमीटर मिळवायला ठीक आहेत. चुकीचा ऑफसेट त्यांनी झाकायला गेलात तर एक दुखणं घालवून दुसरं घ्याल.

कमी ऑफसेटचं घासण्यापलीकडचं नुकसानही सांगायला हवं. चाक बाहेर गेलं की टायर रस्त्याला टेकतो ती जागा स्टेअरिंगच्या अक्षापासून लांब जाते. खड्ड्याचा प्रत्येक झटका हातात येतो, गाडी रस्त्यावरच्या चरांच्या मागे ओढते, आणि हबच्या बेअरिंगवरचा भार वाढतो. 5 मिमीला हे कुणाला जाणवत नाही. 20 मिमीला जाणवतं.

गाडी खाली करायचा विचार असेल तर एक बारकावा. लहान स्प्रिंग टाकल्याने चाक वर जाण्याची शेवटची मर्यादा बदलत नाही, ती बंप स्टॉप, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर अडवणारा रबरी ठोकळा, ठरवतो. फक्त त्या मर्यादेपर्यंत चाक जास्त वेळा पोचतं. म्हणून तिरप्या दाबाच्या चाचणीत जो संच पास होतो, तो गाडी खाली केल्यावरही बहुतेक पास होतो. बंप स्टॉप कापले तर मात्र सगळी मोजणी पुन्हा.

समजा तुम्ही संच लावलात. मडगार्डच्या आतल्या कडेला आणि लायनरला ओल्या खडूचा पट्टा मारा आणि नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या माणसांसह गाडी चालवा. खडू कुठे पुसला ते पाहा. पूर्ण वळवून गाडी लावताना प्लॅस्टिकच्या लायनरला हलकं लागत असेल तर लायनरचा क्लिप मागे घेऊन किंवा लायनर तापवून दाबून ते बहुधा जातं. पत्र्याच्या कडेला किंवा टायरच्या भिंतीवर रेघ उमटली असेल तर गाडी त्याच दिवशी थांबवा. भिंतीतल्या दोऱ्यांपर्यंत काप गेला की टायर वेगात फुटू शकतो, आणि बाहेरून तो ठीकच दिसत असतो. नट टॉर्क रेंचने कंपनीच्या आकड्याला घट्ट करा आणि 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा, कारण नवं अलॉय बसताना थोडं दबतं. चाकाचं माप बदलल्यावर नोंदणीचे आणि विम्याचे नियम काय म्हणतात तेही खरेदीआधी विचारून घ्या, जागोजागी ते वेगळे आहेत.

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून एकच पुढचं आणि एकच मागचं चाक टायरसकट लावून बघायला मागा. नाही म्हणाला तर मोजमापावर विसंबा. मला तीन आकडे कळवा: ठोकळ्यांवर मागे बाहेर उरलेली सर्वांत लहान फट, पुढे पूर्ण वळवल्यावर बंपरच्या कोपऱ्यात उरलेली फट, आणि शॉकअपच्या नळीजवळच्या क्लेची जाडी. त्यावरून 6.5 इंचाला ईटी 40 घ्यावा की 43, की 6 इंचावरच थांबावं, हे नेमकं सांगता येईल.